वादळाची खोली

माणसाला भीती असावी, पण ती चारचौघांत सांगण्यासारखी असावी. कुत्र्याची भीती सांगता येते. पालीची सांगता येते, तिच्याबाबत तर घरोघर एकमत असतं. साहेबाची भीती सांगितली तर लोक खांद्यावर हात ठेवतात. मला टोर्नेडोची भीती वाटते. साध्या वाऱ्यापावसाची नव्हे. ढगातून सोंड खाली सोडून गरगरत येतं आणि डब्याचं झाकण काढावं तसं घराचं छप्पर काढून नेतं, त्या वादळाची. आमचा भाग सपाट आहे. हंगामात अधूनमधून इशाऱ्याचा भोंगा वाजतो आणि कित्येक वर्षांतून एखादी सोंड लांब कुठल्यातरी शेतात उतरून गवताच्या गंज्या विस्कटून जाते. मी स्वतः ती एकदाही पाहिलेली नाही. पन्नाशी उलटली तरी आमची भेट झालेली नाही आणि तिला माझा पत्ताही नसावा. इतकं एकतर्फी नातं मी दुसऱ्या कुणाशी ठेवलेलं नाही.

त्यातून मी शाळेत भूगोल शिकवतो. वादळांचा धडा आला की तो मी मुलांना घरून वाचून यायला सांगतो आणि परीक्षेत त्यावर प्रश्न काढत नाही. त्यामुळे मुलं मला दयाळू समजतात. पाठीमागे मात्र मला ‘वेधशाळा’ म्हणतात, कारण तास चालू असताना माझं निम्मं लक्ष खिडकीबाहेर असतं. आभाळ सोंडेआधी दिसतं म्हणतात तसं जरा हिरवट दिसलं की माझा आवाज बारीक होतो आणि शिकवत शिकवत मी दाराशी येऊन उभा राहतो. मुख्याध्यापकांनी एकदा बोलावून विचारलं, “तुम्ही नेहमी निघायच्या बेतात का असता?” मी म्हटलं, “वक्तशीरपणा.” त्यांना ते पटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

बायकोने मला लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात जिन्याखाली डोक्यावर गादी घेऊन बसलेलं पाहिलं. दुसरी कुणी असती तर माहेरी निघून गेली असती. ही वाकली, म्हणाली, “किती वेळ बसायचं असतं?” आणि शेजारी येऊन बसली. त्या एका प्रश्नासाठी मी जन्मभर तिचा ऋणी आहे. तिलाही ते ठाऊक आहे, त्यामुळे बाकीच्या सगळ्या वादांत तीच जिंकते. एका वादात मी जिंकलो, त्याचीच ही हकिकत आहे.

माझी थोरली बहीण, ताई, बसने अर्ध्या दिवसावर असलेल्या गावात राहायची. भाऊजी गेल्यापासून एकटीच होती. मूलबाळ नाही. कपडे शिवायची, तेही हळूहळू बंद झालं होतं. एका संध्याकाळी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, “मी काय म्हणते, तुमची ती जिन्यामागची खोली रिकामीच असते ना?”

“रिकामी कुठली? अडगळ आहे सगळी.”

“मग अडगळीत अजून एक.”

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, “वरचे मजले मला झेपत नाहीत रे, गुडघे ऐकत नाहीत. पण ती खालीच आहे. खिडकी नसली तरी चालेल मला. तुमचा जातायेता आवाज कानावर आला की झालं.”

बायको मागून म्हणाली, “येत्या रविवारीच या म्हणावं.” एवढं सोपं होतं सगळं. अडगळ गच्चीवर टाकायची, खोली झाडून घ्यायची, पलंग लावायचा. एका सुटीचं काम. आणि मी फोनमध्ये म्हणालो, “ताई, थोडी थांब. खोली जरा नीट करून घेतो, मग ये.” आजही मला ते वाक्य माझ्याच आवाजात ऐकू येतं आणि फोन हिसकावून घ्यावासा वाटतो.

त्याचं असं होतं, की त्या खोलीवर माझा फार जुना डोळा होता. तळमजला, घराच्या मधोमध, एकही खिडकी नाही. टोर्नेडोच्या बाबतीत याहून चांगली जागा नाही, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. पण स्वतःच्या भीतीसाठी भिंती मजबूत करून घ्यायला लाज वाटत होती. आता ताई येणार होती. ताईच्या सुरक्षिततेसाठी खोली पक्की करायला कशाची लाज? बायको म्हणाली, “त्यांनी खोली मागितलीय, किल्ला नाही.” त्यावर मी भावाच्या कर्तव्यावर इतकं बोललो, की ती कंटाळून उठून गेली. हाच तो मी जिंकलेला वाद.

आता आमच्या गल्लीत एक निवृत्त इंजिनिअर राहतात. जन्मभर त्यांनी फक्त पूल बांधले, म्हणून सगळे त्यांना पूलसाहेब म्हणतात. मी त्यांना फक्त एवढंच विचारायला गेलो होतो, की सिमेंट कुठून आणू. ते चहा अर्धा टाकून माझ्याबरोबर निघाले. खोलीत आले, बोटाने भिंत वाजवली आणि चेहरा पाडून म्हणाले, “ही वीट आहे.”

“हो. घर विटांचंच आहे.”

“वीट म्हणजे भाजलेली माती. माती उडते.” मग त्यांनी जमिनीवर खडूने रेघ मारली. “भिंत इथपर्यंत यायला हवी. काँक्रीट, आतून लोखंडी जाळी.”

“एवढी जाड कशाला?”

“अहो, वरून मालगाडी गेली तर?”

मी म्हटलं, घरावरून मालगाडी जाणार नाही. ते म्हणाले, “असं सगळेच म्हणतात.” टोर्नेडोला भिणाऱ्या माणसाशी असं कुणी बोलू नये. माझी बुद्धी तिथेच खांदे टाकून मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले आणि रेघ थोडी आणखी आत सरकवून गेले.

एवढं मोठं बांधकाम म्हणजे नगरपालिकेची परवानगी आली. तिथल्या बांधकाम खात्यात एक बाई बसतात. शांत, चष्मा नाकावर, कुणालाही नाही म्हणायची वेळ आली की आवाज मऊ करतात.

“खोली कशासाठी?”

“थोरल्या बहिणीला राहायला.”

“मग खिडकी कुठे आहे?”

“खिडकी नाहीये. वादळापासून संरक्षण म्हणून बांधतोय.”

“मग तिथे राहता नाही येणार. राहायच्या खोलीला खिडकी लागते.”

“आणि संरक्षणाच्या खोलीला?”

“खिडकी चालत नाही.” आवाज आणखी मऊ झाला. “तुम्ही असं करा. बहिणीला इतर वेळी दुसरीकडे ठेवा आणि वादळ आलं की आत न्या.”

“ती हळू चालते हो.”

बाईंनी माझ्याकडे खरोखर कळवळून पाहिलं. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाल्या, “कोठार लिहा. कोठाराला कुणी काही विचारत नाही.” मी कोठार लिहिलं. लगेच त्यांनीच विचारलं, “साठवणार काय?” मी प्रामाणिकपणे “बहीण” म्हणालो. त्यांनी जरा विचार करून त्या जागी ‘घरगुती वस्तू’ असं लिहिलं आणि मी खाली सही केली. घरी आल्यावर मी हे बायकोला गंमत म्हणून सांगितलं. ती पोळपाट पुसत होती. म्हणाली, “ताईंना सांगू नका.”

ताईचा अधूनमधून फोन यायचाच. “झालं का रे?” मी म्हणायचो, परवानगीत अडलंय. “बरं बरं,” म्हणायची आणि मग उगीचच बोलत राहायची, भाजी काय केली, पाणी आलं का, शेजारच्यांची मांजर व्यायली. मला घाई असायची. दारात पूलसाहेब खडू घेऊन उभे असायचे.

मिस्त्रीही पूलसाहेबांनीच दिला. “याचं काँक्रीट आजवर गळलेलं नाही,” म्हणाले. हे शब्दशः खरं होतं, कारण या मिस्त्रीने जन्मात पाण्याच्या टाक्यांशिवाय दुसरं काही बांधलेलं नव्हतं. आम्हाला हे ठाऊक नव्हतं आणि त्यालाही आम्ही टाकीच बांधतोय याबद्दल शंका नव्हती. चारी बाजूंनी काँक्रीट, खिडकी नाही, झरोका नाही, दाराच्या जागी कमरेपर्यंत तात्पुरता बंधारा. आता यात कुणी राहणार आहे, असं कुठल्या शहाण्याला वाटेल? मी शाळेतून आलो तर खोली बंधाऱ्याच्या काठोकाठ पाण्याने भरलेली. मिस्त्री बंधाऱ्यावर हात टेकून समाधानाने बघत होता.

“हे काय केलंत?”

“भरून बघावी लागते ना, सर. एक थेंब खाली गेला तर विचारा.”

एकही थेंब खाली गेला नाही, हेच संकट होतं. पाणी बाहेर काढायला वाट नव्हती. पंप मागवला तर तो बंद. शेवटी बादल्यांनी उपसायचं ठरलं. गल्लीतले लोक आधी बघायला आले, मग बादल्या घेऊन आले. सगळ्यांना वाटलं आम्ही घरात पोहण्याचा तलाव केलाय, आणि शिक्षकाला हे कसं परवडतं याची चर्चा रांगेत माझ्यासमोरच चालली. पाणी अंगणातून गल्लीत गेलं, गल्लीतून पूलसाहेबांच्या बागेत. ते गुडघाभर चिखलात उभे राहून म्हणाले, “भिंत उत्तम झालीय.”

रांगेतच शेजारच्या वहिनींनी विचारलं, “सर, वादळ आलं तर आमचीही सोय होईल ना यात?” वहिनींचं कुटुंब मोठं आहे, शिवाय सासूबाई आणि पोपट. मी बादली हातात घेऊन म्हटलं, “खोली लहान आहे हो वहिनी.” एवढंच म्हटलं. त्या बादली तिथेच ठेवून निघून गेल्या आणि त्या दिवसापासून आमच्याशी बोलायच्या बंद झाल्या. कुणाला मरणाच्या दारी सोडणारा माणूस अशी माझी गल्लीत ख्याती झाली. वादळ यायचं होतं, त्याच्या आधीच.

खोली मात्र खरोखर लहान झाली होती. पूलसाहेबांची रेघ दर भेटीत आत सरकत गेली होती आणि भिंती तिच्या मागोमाग. वाळल्यावर बायकोने आत दोरी धरून पाहिली.

“अहो, पलंग बसत नाही.”

“तिरका लावू.”

“तिरकाही बसत नाही. उभा बसेल.”

पूलसाहेब म्हणाले, “बसून झोपता येतं की. प्रवासात सगळे झोपतात.” त्यांच्याकडे बायकोने अशा नजरेने पाहिलं, की ते त्या दिवशी चहासाठी थांबले नाहीत. मी तिला म्हटलं, काहीतरी मार्ग काढू. मार्ग म्हणजे भिंत फोडणं, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. ताईला मी फोनवर सांगितलं, “दाराचं राहिलंय फक्त.” ती म्हणाली, “तुमच्याकडे दार नसलं तरी चालेल रे मला.” मला ते ऐकूनही कळलं नाही. मी तिला दाराचं महत्त्व समजावून सांगितलं.

दार शीतगृहांची दारं करणाऱ्या कारखान्यातून आणलं. जाडजूड, लोखंडी, काठाला रबर. ते घरात घेताना आमच्या पुढच्या दाराची चौकट उखडली, पण त्याबद्दल मी इथे बोलणार नाही. चौकटीची हकिकत वेगळी आणि अधिक अपमानास्पद आहे. दार बसलं. बंद केलं की रबर असं चपखल बसायचं, की बाहेरचं जग संपल्यासारखं वाटायचं. हवेसाठी मिस्त्रीने भिंतीतून एक पाइप मागच्या बोळात काढला. त्याला तो तोटी बसवणार होता, मी वेळीच थांबवलं.

एका सुटीच्या दिवशी बायको तिच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला गेली होती. मी घरात एकटा. मनात आलं, दार एकदा आतून लावून बघावं. आत गेलो, ओढून घेतलं आणि सगळे आवाज एकदम थांबले. रस्ता नाही, नळ नाही, वारा नाही. खरं सांगतो, जन्मात पहिल्यांदा मला वारा ऐकू आला नाही. मला इतकं बरं वाटलं, की मी अंधारात खाली बसलो आणि नुसता बसून राहिलो. हा आनंद झाला नसता तर मी लगेच उठलो असतो आणि मूठ शोधली असती. मूठ नव्हती. शीतगृहाच्या दाराला मूठ बाहेरून असते, कारण आत ठेवलेल्या वस्तूंना बाहेर यायचं नसतं.

सुरुवातीला मी शांत होतो. मग मी दार वाजवलं. मग लाथा घातल्या. पूलसाहेबांची भिंत आणि कारखान्याचं दार, दोघांनीही आपलं काम चोख केलं. शेवटी मी पाइपाला तोंड लावून हाका मारल्या. पलीकडे बोळात एक कुत्रं बराच वेळ उत्तर देत होतं, तेवढीच सोबत. वर्गात चाळीस मुलांवर ओरडणारा माझा आवाज त्या पाइपातून कसा जात असेल, या विचाराने मी मध्येच गप्प बसलो. अडकलेल्या माणसालाही थोडी इज्जत असते.

संध्याकाळी बायको आली. घरभर अंधार, पंखा चालू, माझा पत्ता नाही. तिने सरळ येऊन ते दार उघडलं. मी उभा राहून कपडे झटकले आणि म्हणालो, “चाचणी घेत होतो.” ती म्हणाली, “झाली का?” आणि मला पाणी आणून दिलं.

पाणी पीत असतानाच शेजारच्या वहिनी फाटकात दिसल्या. आमच्याशी बोलायचं नाही हा नेम होता, म्हणून त्या फक्त बायकोकडे बघून बोलल्या. “दुपारी यांच्या ताई आल्या होत्या. बॅग घेऊन. बेल वाजवली, बराच वेळ पायरीवर बसल्या. मीच म्हटलं, सर आतच आहेत, सकाळपासून बाहेर पडलेले नाहीत. चपला दिसतायत, पंखा चालू आहे. त्यांनी खिडकीतून दोनतीनदा हाक मारली. मग म्हणाल्या, कामात असेल. आणि परतीच्या बसने गेल्या.”

“तुम्ही आम्हाला फोन नाही का केलात?” बायकोने विचारलं.

“तुमच्या त्या खोलीचं आम्ही काही विचारायचं नाही, असंच ना?” वहिनी म्हणाल्या, पण म्हणता म्हणता त्यांचा चेहरा उतरला. “पाइपातून कुणीतरी बोलतंय असं वाटलं होतं हो. मला वाटलं रेडिओ.”

मी पेला हातात धरून तिथेच बसलो. न सांगता ताई कधी कुणाकडे गेलेली नाही. स्वतःच्या माहेरीही ती आधी पत्र टाकून यायची. ती बॅग भरून, गुडघे सांभाळत, बस बदलून आली होती आणि घरात असून मी दार उघडलं नाही, एवढंच तिला कळलं होतं.

रात्री ती घरी पोचली असेल या अंदाजाने फोन केला. काय झालं ते सांगायला लागलो. टाकीसारखी खोली, शीतगृहाचं दार, मूठ बाहेरून. सांगता सांगता ते माझं मलाच ऐकू यायला लागलं. भूगोलाचा तास बुडवणारा मुलगासुद्धा याहून बरी सबब सांगतो. माझं संपल्यावर ताई म्हणाली, “बरं. जेवलास का?” त्यानंतर तिने ‘झालं का रे’ असं कधी विचारलं नाही.

मग मी जे केलं ते माझ्या आयुष्यातलं एकमेव शूर काम आहे, म्हणून सांगतो. मिस्त्रीला बोलावलं आणि आतलं काँक्रीट फोडायला लावलं. जाळी कापली. भिंती मूळच्या विटांपर्यंत आणल्या. दार काढून अंगणात टेकवून ठेवलं आणि चौकटीला बायकोचा जुना पडदा लावला. पूलसाहेब येऊन बघून गेले आणि त्यांनी माझ्याशी कायमचा अबोला धरला. मिस्त्री जाताना फक्त एवढंच म्हणाला, “चांगली टाकी होती, सर.” शाळेतून आलो की मी त्या फोडलेल्या खोलीत उभा राहायचो. भिंतीतून नळाचा, भांड्यांचा, बायकोच्या गुणगुणण्याचा आवाज यायचा. वाऱ्याचाही यायचा, पण मी उभा राहायचो. पलंग लावला. बायकोने उशीला नवा अभ्रा घातला.

ताईला आणायला मी स्वतः गेलो. आता फोनवर बोलायची हिंमत नव्हती. तिच्या घराला कुलूप होतं. शेजाऱ्याने सांगितलं, त्या गावाबाहेरच्या ज्येष्ठांच्या वसतिगृहात राहायला गेल्या, सामान महिन्यापूर्वीच नेलं.

वसतिगृह म्हणजे माळावर एकटी उभी असलेली उंच इमारत. ताईची खोली वरच्या मजल्यावर, लिफ्टने जायचं. आत शिरलो तर समोर भिंत नाहीच, नुसती काच आणि काचेपलीकडे जमिनीला टेकलेलं सबंध आभाळ. माझे पाय दारातच थांबले. ताईने ओळखलं. उठून पडदा ओढला आणि मला खिडकीकडे पाठ करून बसवलं. म्हणाली, “एवढ्या लांब आलास?”

मी सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी ती ऐकता ऐकता हसायला लागली. गोष्ट ‘घरगुती वस्तूं’पाशी आली तेव्हा ती पदर डोळ्यांना लावून हसत होती. “म्हणजे खरंच आत होतास? मला वाटलं...” तिने पुढचं वाक्य गिळलं आणि माझ्यासाठी चहा ओतला. मी म्हटलं, “ताई, खोली झाली. पलंग बसतो, दार काढलं, पडदा लावलाय. चल.”

ती काही म्हणणार तोच भोंगा वाजला.

माझं काय झालं ते मी सांगत नाही. एवढंच, की चहा माझ्या शर्टावर होता. ताईने माझा दंड धरला आणि मला मधल्या बिनखिडकीच्या पॅसेजमध्ये नेलं. तिथे दोन्ही बाजूंना म्हाताऱ्या बायका उशा घेऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या. कुणी विणत होती, कुणी पत्ते वाटत होती. एकीने सरकून आम्हाला जागा दिली आणि मला विचारलं, “खेळता का?” मी मानेनेच नाही म्हटलं. एवढ्या बायकांमध्ये गुडघ्यात डोकं घालून बसलेला मी एकटाच पुरुष होतो आणि वयाने सगळ्यांत लहान. ताई माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

“इतकी वाटते अजून?” तिने हळूच विचारलं.

“वाटते.”

“मलाही वाटायची,” ती म्हणाली. “वादळाची नाही. हे गेल्यावर त्या घरात दिवेलागण झाली की भीती वाटायची. सगळ्या खोल्यांतले दिवे लावून बसायची. भांडं पडलं तरी दचकायची. म्हणून तर तुम्हाला फोन करत बसायची उगीचच.”

“सांगितलं का नाहीस?”

“तुझ्याहून मोठी ना मी. लाज वाटली.”

मी डोकं वर केलं. भीती या विषयावर अधिकाराने बोलू शकेल असा आमच्या घराण्यात मी एकच माणूस होतो. सगळ्या प्रकारची भीती मी बसल्या जागी ओळखतो, मुलांची, मुख्याध्यापकांची, कुत्र्यांचीसुद्धा. आणि माझी बहीण फोनवर मांजरीच्या पिल्लांबद्दल बोलत राहिली तेव्हा मला ती ओळखता आली नाही. मला ऐकूच आलं नाही, असं म्हणण्याचीही सोय नाही. तेव्हा दार बसलेलं नव्हतं.

“आता वाटते का?” मी विचारलं.

“इथे? न्याहारीला जरा उशीर झाला की येऊन दार बडवतात. आजारी पडायचीसुद्धा चोरी आहे.” पलीकडची बाई पत्ते पिसता पिसता हसली आणि म्हणाली, “परवा नुसती केस धूत होती, तर आम्ही रखवालदाराला बोलावलं.” ताईही हसली. तिचा चेहरा भरला होता. फोनवर तिचा चेहरा कसा असेल, हे इतक्या महिन्यांत मी मनात आणूनही बघितलं नव्हतं.

सोंड आली नाही. ती येत नाहीच. थोडा वारा झाला, पाऊस पडला, भोंगा थांबला. बायकांनी उशा उचलल्या आणि आपापल्या खोल्यांत गेल्या. पॅसेजमध्ये आम्ही दोघंच राहिलो, तेव्हा मी पुन्हा म्हटलं, “ताई, चल ना घरी. ही पण वाट बघतेय. नवा अभ्रा घातलाय तिने उशीला.”

ताईने पदराने माझ्या शर्टावरचा चहाचा डाग पुसला. “तेव्हा आले असते रे,” ती म्हणाली. “धावत आले असते. आता नाही. इथे मला बरं वाटतंय.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी काहीतरी बोललो असतो, माफी मागितली असती, भांडलो असतो. मला फक्त रडू आलं आणि ती म्हणाली, “अरे, रडायला काय झालं, मी कुठे लांब गेलेय?” आणि मला आठवलं की ती खरंच तेवढीच लांब आहे, जेवढी पहिल्यापासून होती.

बसची वेळ झाली तशी ती लिफ्टने खाली, फाटकापर्यंत सोडायला आली. माझ्या हातात प्रवासात खायला बिस्किटांचा पुडा दिला. बायकोची चौकशी केली, वहिनींवर रागावू नका म्हणाली. बस दिसली तसं तिने माझ्या शर्टाची कॉलर सारखी केली.

“पुढच्या खेपेला दोघंही या, राहायलाच या,” ती म्हणाली. “फक्त आधी कळवा हं. पाहुण्यांची खोली एकच आहे. रिकामी असेल तरच देतात.”

मी म्हटलं, “कळवतो.” दुसरं काय म्हणणार होतो.